कानासाठी काहीतरी

आमच्या घराण्याचा इतिहास सनावळीने लिहिता येणार नाही, कारण आमच्या पूर्वजांनी एकही लढाई केलेली नाही. म्हणजे केल्या, पण त्या शेताच्या बांधावरून, आणि त्यांचे निकाल अजून लागायचे आहेत. त्यामुळे आमच्याकडे काळ मोजतात तो घरात आलेल्या वस्तूंवरून. मर्फी आला त्या वर्षी धाकट्या आत्याचं लग्न झालं. ट्रान्झिस्टर आला त्या वर्षी विहिरीला पाणी लागलं. आणि स्टिरिओ आला त्या वर्षी माय आप्पांशी पोळ्यापासून होळीपर्यंत बोलली नाही. या तिसऱ्या घटनेला आमच्या इतिहासात पानिपताचं स्थान आहे. फरक एवढाच, की पानिपतावर कोण हरलं याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे.

आमचं गाव मुक्ताईनगर. जुनं नाव एदलाबाद, आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही एदलाबादच. भुसावळहून मलकापूरकडे निघालात की वाटेत लागतं. शेजारी कोथळीला मुक्ताईचं देऊळ, जवळच चांगदेवला तापी आणि पूर्णा यांचा संगम, आणि चहूकडे केळी. ज्या गावाची संत चौदाशे वर्षांच्या योग्याची गुरू झाली, त्या गावात कोणी कोणाला सहजासहजी शहाणं म्हणत नाही. आप्पांना तर कोणीच म्हटलं नाही. आप्पा हायस्कुलात गणिताचे मास्तर होते आणि घरची दोन एकर केळी होती. गणित आणि केळी या दोन्ही गोष्टींत अंदाज चुकला की माणूस बुडतो, असं ते म्हणत. आणि वर्षाआड बुडत.

आता स्टिरिओकडे यायचं तर आधी थोडा प्राचीन काळ उरकला पाहिजे. मुंबईला रेडिओ केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ ला. ते आमच्या घरात पोचायला पस्तीस वर्षं लागली. १९६२ साली, चीनची लढाई सुरू झाल्यावर, आजोबांनी मर्फी घेतला. लढाईच्या बातम्या ऐकायला म्हणून घेतला. पण बातम्या अशा येत होत्या की आजोबा बटन बंद करून ओसरीवर जाऊन बसत. रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन काढावं लागे. वर्षाचे पंधरा रुपये. त्याचं एक पुस्तक असे आणि त्यावर दरवर्षी शिक्का मारून आणायचा. आमच्या आजोबांकडे बंदुकीचं लायसन असल्याची अफवा गावात काही वर्षं होती. ते हे पुस्तक. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला सरकारने ही लायसनं बंद केली तेव्हा आजोबा हळहळले. सरकारने आपली दखल घेणं बंद केलं असं त्यांना वाटलं.

मर्फीला एरियल म्हणून तांब्याच्या जाळीची एक पट्टी माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेली असे. तिच्यावर चिमण्या बसत आणि आवाज खरखरे. पण खरी खरखर मृगात. आकाशात वीज चमकली की कडकडाट कानावर यायच्या आधीच रेडिओत 'खर्रर्र' व्हायचं. आप्पा एरियल काढायला धावत. आजी मात्र जागची न हलता हात जोडायची. कारण आमची मुक्ताई गेली तीच विजेत. १२९७ साली, तापीच्या काठी मेहूणला, वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली, अशी आमच्याकडची श्रद्धा. तेव्हा रेडिओतली खरखर हा आजीच्या मते बिघाड नव्हता.

"आदिशक्ती बोलू राह्यली अन् तू तार काढू राह्यला?" ती आप्पांना विचारायची.

आप्पा विज्ञानाच्या बाजूचे. पण आईपुढे विज्ञानाचं चालत नाही. ते तार हातात धरून उभे राहत. विज्ञान आणि श्रद्धा यांच्यामध्ये माणूस कसा उघड्यावर उभा असतो, हे मी लहानपणीच पाहिलेलं आहे.

आकाशवाणीवर १९५२ च्या सुमारास केसकर मंत्र्यांनी सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली होती. त्यामुळे अख्खा देश सिलोनच्या आश्रयाला गेला. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला आणि अमीन सायानींचा आवाज. मग सरकारला उपरती झाली आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. आमच्या घरात मात्र सिलोनला माहेरचा मान राहिला. आजीचा कारभार वेगळा. पुणे केंद्राने १९५५ साली सुरू केलेलं गीतरामायण पुढे कधी पुन्हा लागलं, की ती मर्फीपुढे उदबत्ती लावी. मर्फीच्या डोक्यावर राखेचा एक कायमचा डाग पडला होता. पुढे तो रेडिओ भंगारात गेला तेव्हा त्या डागापुरता भाग कापून ठेवता येईल का, असं तिने विचारलं होतं.

मग ट्रान्झिस्टर आला. तो बैलगाडीच्या खुंटाला अडकवून शेतात जाऊ लागला. केळीच्या बागेत मोटेचा आवाज थांबला आणि क्रिकेटची कॉमेंट्री सुरू झाली. १९७६ साली जळगावला आकाशवाणी केंद्र निघालं आणि आमच्या भागाची माणसं, आमच्या भागाची पिकं रेडिओत बोलायला लागली. केळीवर करपा पडला हे आपल्याला कळायच्या आधी रेडिओला कळतं, याचं आजोबांना अतोनात कौतुक होतं. करप्याचं काय करायचं हे मात्र दोघांनाही कळत नसे.

इथवर सगळं ठीक होतं. एक पेटी, एक आवाज, आणि तिच्याभोवती सगळं घर. मग आलं १९८१ साल.

त्या वर्षी केळीला बरा भाव मिळाला. सावदा-निंभोऱ्याहून वॅगनी भरून दिल्लीकडे गेल्या आणि आमच्या दोन एकरांतूनही थोडे पैसे हाताला लागले. मायच्या कानात लग्नातली फुलं होती. त्यातलं एक गहाण पडून परत आलं नव्हतं, म्हणून ती दोन्ही कानांत साधे लोखंडी दांडीचे मणी घालायची. आप्पांनी शब्द दिला, या वेळी कानासाठी काहीतरी आणायचंच. तोळ्याचा भाव तेव्हा अठराशेच्या घरात होता. आप्पांनी सोळाशे रुपये आतल्या बनियनच्या खिशात शिवून घेतले आणि शिक्षकांच्या मोर्च्यासाठी मुंबईला निघाले. ठरलं असं, की येताना जळगावला उतरायचं आणि फुलं घ्यायची. जळगावचं सोनं सोडून मुंबईत सोनं घेणारा माणूस आमच्याकडे वेडा समजतात. आप्पांनी मुंबईत सोनं घेतलं नाही. इथपर्यंत ते शहाणेच ठरले.

मोर्चा दुपारी संपला. आप्पा लॅमिंग्टन रोडला गेले. का गेले, हे त्यांनी शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही. वाट चुकलो असं एकदा म्हणाले होते. तिथे एका गाळ्यात जुनी परदेशी यंत्रं मांडलेली होती आणि दुकानदाराने एक रेकॉर्ड लावलेली होती. आप्पांचं वर्णन असं: "सतार डाव्या हाताले व्हती अन् तबला उजव्या हाताले. अन् मधी माणूस कोणी नाही. मी मधी जाऊन उभा राह्यलो." तिथे ते अर्धा तास उभे होते. दुकानदार अठराशे म्हणाला. आप्पांनी चौदाशे पन्नासला सौदा तोडला. गणिताच्या मास्तरला सूट मिळाल्याचा आनंद झाला की मूळ आकडा दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी टांग्यातून आप्पा उतरले ते तीन खोक्यांसह. माय दारात उभी. तिने खोक्यांकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, मग पुन्हा खोक्यांकडे पाहिलं.

"फुलं?" ती म्हणाली.

आप्पांनी घसा साफ केला. "कानासाठीच आणलंय," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांना गाडीत कसारा घाटात सुचलं असावं, आणि जळगाव येईपर्यंत ते त्यांना फार चांगलं वाटत असावं. जळगावनंतर ते बदलायला वेळ उरला नव्हता.

"माह्या कानाले भोकं पाडेल हायेत," माय म्हणाली, "ते काय याच्यासाठी?" आणि आत गेली. हे तिचं आप्पांशी त्या वर्षातलं शेवटचं वाक्य.

यंत्र मात्र देखणं होतं. लाकडी पेटी, समोर चकचकीत ॲल्युमिनिअमचा पत्रा, हातभर लांब डायल. बटन फिरवून सोडलं की काटा आपल्या वजनाने सरकत पार टोकाला जायचा. आत जडशी चकती होती. कंपनीच्या नावाच्या जागी दोन भोकं तेवढी उरली होती. माल जपानी, पण अमेरिकेत विकायला केलेला, आणि तिथल्या हिशोबाने अगदी स्वस्तातला, म्हणजे पगारदाराने पहिल्या पगारात घ्यावा असा. आमच्याकडे येईस्तोवर तो जहागीरदार झाला होता. डायलच्या उजव्या अंगाला एक लहानसा दिवा होता, विझलेला. त्याच्याखाली 'स्टिरिओ' असं लिहिलेलं. "एफएमवर स्टिरिओ स्टेशन लागलं की हा लाल पेटतो," आप्पांनी सांगितलं. दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं. मुंबईत तो पेटवून दाखवला का, असं मी विचारलं. आप्पा म्हणाले, "मी इचारलं नाही."

सगळं घर जमलं. आप्पांनी प्लग लावला. फट् असा आवाज झाला आणि यंत्र गप्प. अमेरिकेत वीज एकशेदहा व्होल्टची, आपली दोनशेतीसची. यंत्राच्या पाठीवर ते बदलायचा खटका होता, तो कोणी पाहिलाच नव्हता. सुदैवाने फ्यूजच गेला. भुसावळहून नवा फ्यूज आणीपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत आजी रोज यंत्राला हळदकुंकू लावत होती आणि आत स्वयंपाकघरात भांडी जरा जास्त जोरात वाजत होती.

फ्यूज आला, यंत्र चालू झालं, आणि मग आमच्या ध्यानात आलं की त्यावर सिलोन लागत नाही. अमेरिकेत कोणी शॉर्टवेव्ह ऐकत नसावं. या यंत्राला तो पट्टाच नव्हता. एक मिडियम वेव्ह आणि एक एफएम. मिडियम वेव्हवर जळगाव लागायचं, पण ते मर्फीवरही लागायचं, आणि मिडियम वेव्हला स्टिरिओ नसतो. म्हणजे चौदाशे पन्नास रुपये देऊन आप्पांनी बिनाका गीतमाला बंद केली होती. आणि एफएमच्या पट्ट्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसतं 'शऽऽऽ'. भारतात एफएम १९७७ साली मद्रासला सुरू झालं होतं. मद्रासचं एफएम मुक्ताईनगरला ऐकू यायला मध्ये सातपुडा नसला तरी सगळा दख्खन होता.

चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र पाठवलं ते कोरंच. चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला, असं मुक्ताईने म्हटल्याची कथा आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. आप्पांचा एफएमचा पट्टा हे तसलंच पत्र. चौदाशे पन्नास रुपये मोजून कोरा. पण आप्पा रोज संध्याकाळी शाळेतून आले, चहा झाला, की त्या पट्ट्यावरून काटा एकदा इकडून तिकडे न्यायचे आणि त्या दिव्याकडे पाहायचे. देवाला नमस्कार करावा तसं. मग जळगाव लावायचे.

पुढे मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेलो आणि या शास्त्राचा इतिहास वाचला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा सगळा इतिहास म्हणजे बायकांनी नवऱ्यांचं काय काय सोसलं याचीच हकिकत आहे. दोन कानांना दोन आवाज ही कल्पना तशी जुनी. १८८१ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ऑपेरातलं गाणं लोकांनी दोन कानांना दोन टेलिफोन लावून ऐकलं होतं. पण खरा स्टिरिओ काढला तो ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने. गृहस्थ होणाऱ्या बायकोला घेऊन सिनेमाला गेला. पडद्यावर नट एका कडेला आणि आवाज येतोय भलतीकडून. याने सिनेमा पाहायचा सोडून तिला सांगायला सुरुवात केली, की आवाज नटाच्या मागोमाग कसा चालवायचा ते मला सुचलंय. त्या माउलीने तो सिनेमा पुरा पाहिला की नाही, याबद्दल इतिहास गप्प आहे. १९३१ च्या डिसेंबरात त्याने पेटंटचा अर्ज केला. १९४२ साली रडारची चाचणी घेताना विमान कोसळून तो गेला. वय अवघं अडतीस. स्टिरिओ रेकॉर्डी बाजारात आल्या १९५८ साली. त्याने त्या पाहिल्याच नाहीत.

दुसरा आर्मस्ट्राँग. चंद्रावरचा नव्हे, हा एडविन आर्मस्ट्राँग, एफएमचा जनक. रेडिओतली विजेची खरखर घालवायची हा त्याचा ध्यास. साध्या रेडिओत लाटेची उंची कमीजास्त करून आवाज पाठवतात. वीजही ती उंचीच हलवते, म्हणून ती रेडिओत शिरते. याने उंची तशीच ठेवून लाटेची वारंवारताच कमीजास्त केली. मग आकाशात काय वाटेल ते होवो, गाणं स्वच्छ. १९३३ साली त्याला पेटंटं मिळाली. मोठ्या कंपन्यांशी कज्जे करण्यात त्याचा पैसा आणि उमेद दोन्ही संपली आणि १९५४ साली त्याने खिडकीतून उडी टाकली. पुढचे कज्जे त्याच्या बायकोने, मॅरियनने लढवले. १९६७ पर्यंत लढवले आणि सगळे जिंकले. या मॅरियनला १९२३ साली लग्नात त्याने भेट काय दिली असेल? दागिना नव्हे. स्वतः बनवलेला, उचलून नेता येणारा रेडिओ. समुद्रकाठी तो रेडिओ मध्ये ठेवून दोघं बसलेत असा एक फोटो आहे. सुटीत घरी आल्यावर ही गोष्ट मी मायला सांगितली. ती पोळी लाटत होती. म्हणाली, "तिच्याबी कानात काही नसंन."

स्टिरिओ एफएमवरून कसा येतो हे मी आप्पांना संगमावर नेऊन समजावलं. १९६१ साली अमेरिकेत ठरलेली ही पद्धत मोठी नामी आहे. डावा आवाज आणि उजवा आवाज यांची बेरीज करायची आणि ती पाठवायची; साध्या रेडिओला तेवढी पुरते. आणि त्याच लाटेवर, वरच्या अंगाला, दोघांची वजाबाकीही लपवून पाठवायची. सोबत एक बारीक सूर, कानाला न जाणवणारा. तो सापडला की लाल दिवा पेटतो आणि यंत्र कामाला लागतं. बेरजेत वजाबाकी मिळवली की डावा सुटा होतो, बेरजेतून वजा केली की उजवा. म्हणजे संगमाच्या खाली उभं राहून ओंजळभर पाण्यातून तापी वेगळी आणि पूर्णा वेगळी काढून दाखवायची. आप्पा गणिताचे मास्तर. दोन समीकरणं, दोन अज्ञात संख्या. त्यांनी वाळूत काडीने सोडवून पाहिलं आणि खूश झाले. "अन् दोघी एकत्रच राह्यल्या तं?" त्यांनी विचारलं. "तर मोनो," मी म्हणालो. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत होते. मला वाटलं, गणिताचा विचार करताहेत.

हे शास्त्र मी सांगत होतो याचं कारण घरात एक तंटा चालू होता. स्टिरिओचे दोन स्पीकर एका खोलीत, एकमेकांपासून हातभर अंतर राखून समोर ठेवायचे आणि ऐकणाऱ्याने त्रिकोणाच्या तिसऱ्या टोकाला बसायचं, हा नियम. आप्पांनी डावा स्पीकर बैठकीत ठेवला होता. उजवा स्वयंपाकघरात! मसाल्याच्या डब्यांच्या फळीवर, तिखट आणि हळद यांच्यामध्ये. वायर झरोक्यातून नेलेली. शिवाय यंत्रावर 'मोनो' असं लिहिलेलं एक बटन होतं, ते कायम दाबलेलं. म्हणजे रेकॉर्ड स्टिरिओची असली तरी दोन्हीकडे तोच आवाज. मी दर सुटीत यायचो, बटन सोडायचो, स्वयंपाकघरातला स्पीकर उतरवून पुसायचो (त्याला फोडणीचा वास येई), बैठकीत आणायचो आणि आप्पांना त्रिकोणात बसवून व्याख्यान द्यायचो. आप्पा हुशार विद्यार्थ्यासारखे मान डोलवत. "बरोबर हाये," म्हणत. मी पुण्याची गाडी पकडली, की स्पीकर पुन्हा हळद-तिखटात आणि बटन पुन्हा आत. हे पुढे वीस-बावीस वर्षं चाललं. इतका ढ विद्यार्थी मी पाहिला नाही, असं मी बायकोला म्हणत असे.

मायचा अबोला कसा सुटला ते सांगायचं राहिलं. १९८२ ची होळी. माय खापरावर मांडे टाकत होती. जळगावला कुठलंसं जुनं गाणं लागलेलं, आणि फळीवरच्या त्या खोक्यातून ते स्वयंपाकघरात येत होतं. मध्येच आप्पांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी यंत्र बंद केलं. आतून आवाज आला, "काहून बंद केलं? अर्धंच झालं ना ते!"

सगळं घर स्तब्ध. आप्पांनी थरथरत्या हाताने बटन पुन्हा चालू केलं. त्या दिवशी त्यांनी सात मांडे खाल्ले. मांडा म्हणजे काय असतो ते ज्यांना माहीत आहे, त्यांनाच या आकड्याचं मोल कळेल.

वर्षं गेली. यंत्रावर पंधरा वॅट लिहिलेलं होतं आणि ते खरोखर पंधराच होते. कारण वॅटचे आकडे फुगवू नयेत असा अमेरिकेत १९७४ साली नियमच झाला होता. नव्वद साल उलटल्यावर बाजारात हजार-हजार वॅट पीएमपीओ लिहिलेली प्लॅस्टिकची खोकी आली, आणि आमच्या पंधरा वॅटपुढे ती कोकलून थकायची. मुंबईला १९९३ साली एफएमवर खाजगी कार्यक्रम सुरू झाले. २००१ साली खाजगी स्टेशनं निघाली, पण बंगलोरात. आप्पा पेपरातली ही कात्रणं यंत्राच्या पेटीखाली सारून ठेवायचे. काटा रोज एकदा फिरायचाच. शऽऽऽ.

२००६ च्या लिलावात जळगावचं नाव निघालं. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. एदलाबादच्या मतदारसंघाने १९६७ पासून सलग चार वेळा त्यांना निवडून दिलेलं. गावाला एवढा आनंद झाला की जो तो लाल दिव्याच्या गाडीतून आल्यासारखा चालत होता. आप्पा म्हणाले, "गावाले लाल दिवा भेटला. आता घराले भेटीन." ते तेव्हा पंचाहत्तरीला आले होते.

जळगावचं एफएम सुरू झाल्याचं कळलं तसा मी रजा काढून आलो. भाच्याने आणि मी दीड मीटरची ॲल्युमिनिअमची नळी मधोमध कापून एरियल केलं आणि उंच बांबूला बांधून गच्चीवर चढवलं. "वीज पडीन," माय खालून ओरडत होती. "या गावात एकडाव पडेल हाये!" १२९७ ची गोष्ट, पण आमच्याकडे ती काल झाल्यासारखी बोलतात. भारनियमनाचे दिवस. वीज आली संध्याकाळी सहाला. आप्पा अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून यंत्रासमोर बसले. मी काटा फिरवला. शऽऽऽ... आणि एकदम गाणं! स्वच्छ, काचेसारखं. गल्लीतली माणसं जमलेली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा दिव्याकडे पाहत होते.

दिवा पेटला नाही.

मी एरियल फिरवलं. वायर तपासली. भाच्याने दिव्याला बॅटरी लावून पाहिली, दिवा चांगला. पंचवीस वर्षांवर वाट पाहून हे असं. मला आप्पांच्या तोंडाकडे बघवेना. आणि मग माझी नजर त्या बटनावर गेली. दाबलेलं. आमच्या यंत्रात मोनो दाबलेलं असलं की तो दिवा पेटतच नाही.

"आप्पा, हे बटन दाबूनच आहे!"

"व्हय."

"कधीपासून?"

"ब्याऐंशीच्या होळीपासून," आप्पा म्हणाले.

मी बटन सोडलं. टक् झालं आणि दिवा पेटला. लालभडक. लहानसा, गुंजेएवढा. घरात कोणी बोलेना. आप्पा पुढे वाकून त्याच्याकडे पाहत राहिले; चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. मग मला म्हणाले, "आता याच्यात येगळं काय झालं?"

मी पुन्हा मास्तर झालो. "आता बघा, व्हायोलिनं या डाव्या खोक्यातून येताहेत. आणि उजव्यातून बासरी."

"मंग बासरी कुठी हाये?"

"उजवा स्पीकर आत आहे ना आप्पा. स्वयंपाकघरात."

"म्हंजे आत बासरीच जाऊ राह्यली. व्हायोलिन नाही."

"नाही."

"म्हंजे तुही माय अर्धंच गाणं ऐकू राह्यली," आप्पा म्हणाले. आणि त्यांनी हात पुढे करून बटन दाबलं. दिवा विझला.

मी काही बोलणार तेवढ्यात आतून मायचा आवाज आला, "आता बरोबर येऊ राह्यलं. मघाशी काय झाल्तं?"

"काही नाही," आप्पा म्हणाले. "पोरगा शिकवू राह्यला व्हता."

आप्पा २०१३ साली गेले. लाल दिवा त्यानंतर कोणी पेटवला नाही. गाड्यांवरचे लाल दिवेही सरकारने २०१७ साली काढून टाकले, तेव्हा तो विषय देशापुरताही मिटला. आम्ही भावंडांनी वर्गणी काढून मायला जळगावहून कानातली फुलं आणली. ती ती सणावारी घालते आणि कान ओढतात म्हणून संध्याकाळी काढून मसाल्याच्या फळीवर, स्पीकरच्या डोक्यावर ठेवते.

गेल्या दिवाळीत भाचा पुण्याहून आला होता. त्याच्या पिढीत या जुन्या यंत्रांना भलताच मान आहे. 'व्हिंटेज' म्हणतात. त्याने आतली धूळ झटकली, सुकलेले कपॅसिटर बदलले, समोरचा पत्रा मऊ फडक्याने पुसला. सगळी अक्षरं अजून ठसठशीत आहेत. एकाच बटनावरची अक्षरं पुसून पत्रा आरशासारखा झालाय. "मामा, हे कसलं बटन?" त्याने विचारलं. मी सांगितलं. मग तो मायला म्हणाला, "आजी, हे मी पुण्याला नेऊ का? याला आता चांगले वीस हजार येतील."

मायने फळीवरून तिखटाचा डबा काढला आणि परत जागेवर ठेवला.

"त्याचे पैसे तव्हाच देल्ले हायेत," ती म्हणाली. "माह्या कानातल्याचे."